आत बसलेला माणूस

"आलं का?"

"न्हाई, दादा."

"नीट बघ. डाव्या कोपऱ्यात बघ."

"बघतोय ना. कोरडं ठाक हाये."

भिकाने नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धार बारीक केली आणि पुढच्या काचेच्या कडेकडेने सावकाश फिरवली. काळ्या ॲम्बॅसेडरच्या बॉनेटवरून पाणी दोन्ही अंगांनी ओघळत होतं. दारं, काचा सगळं बंद होतं. आत झुंबर डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा झाला होता. बाहेरून त्याची फक्त पाठ दिसत होती आणि अधूनमधून टॉर्चचा उजेड.

"आता?"

"कायबी न्हाई."

भिकाने नळ बंद केला. सदुसष्ट सालचा जुलै चालू होता. सकाळपासून तीन सरी येऊन गेल्या होत्या आणि चौथी डोंगराच्या बाजूने येताना दिसत होती. बोईसर स्टेशनाजवळचं कंत्राटदाराचं ते आवार चिखलाने भरलं होतं. एका बाजूला सिमेंटच्या गोण्यांची शेड, दुसऱ्या बाजूला मॅनेजरची पत्र्याची कचेरी, आणि मधल्या जांभळाखाली ही गाडी. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. मुंबईहून येणारे साहेबलोक बोईसरला उतरत, आणि त्यांना तिथपर्यंत नेऊन आणायचं काम भिकाकडे होतं. गाडी या आवारात आल्या दिवसापासून तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर.

पाण्याची भानगड पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाली. आधी मागच्या सीटखालचा गालिचा ओलसर लागायचा. मग कुबट वास यायला लागला, भिजलेल्या गोणपाटाचा. आणि गेल्या आठवड्यात तर नाचक्कीच झाली. चिंचणीच्या उतारावर म्हैस आडवी आली म्हणून भिकाने ब्रेक मारला, आणि मागे साचलेलं पाणी सळसळत पुढे आलं. मुंबईच्या साहेबांनी नकाशांची गुंडाळी पायांशी ठेवली होती. ती भिजली. साहेब भला माणूस. एवढंच म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी आहे की होडी?" पण परत आल्यावर तो मॅनेजरच्या कचेरीत बराच वेळ बसला होता.

दुसऱ्या दिवशी राऊत मॅनेजरने भिकाला बोलावलं. "तुला गळती सापडत नसेल तर तसं सांग. मी मालकांना कळवतो, गाडी जुनी झाली, काढून टाका."

"सापडंल, साहेब. पाणी काय हवेतून येत नाय."

"बघ बाबा. मोठे इंजिनीयर यायचेत या महिन्यात."

राऊतचं आणि भिकाचं पटत नव्हतं. उन्हाळ्यात राऊतने घराचं काम काढलं होतं, आणि एका संध्याकाळी शेडमधल्या सिमेंटच्या गोण्या डिकीत घालून घरी पोचवायला सांगितलं होतं. भिका म्हणाला होता, "मालकाला इचारून नेतो." बस्स, तेवढंच. भांडण झालं नाही, पण त्यानंतर राऊत त्याच्याशी बोलताना त्याच्याकडे न बघता टेबलाकडे बघायला लागला.

झुंबर गाडीतून बाहेर आला. खाकी शर्ट खांद्यावर ओला होता, केस ओले होते. पण त्या दिवसांत कोण ओलं नव्हतं? भिकाची बंडीही अंगाला चिकटली होती.

"काचेतून येत न्हाई, दादा," झुंबर म्हणाला. "खालून येत असंल. चाकानं उडालेलं."

भिकाने मान हलवली. या कामाला माणसं दोन लागतात. एकाने बाहेरून पाणी मारायचं आणि एकाने आत बसून बघायचं. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. आतला जे सांगेल ते खरं.

*

झुंबर नगरकडचा. दुष्काळात गाव सोडून कामाच्या शोधात इकडे आलेला. दोन वर्षांपूर्वी भिका एकदा शेडमध्ये पोतं आणायला गेला, तर गोण्यांच्या आडोशाला हा तापाने फणफणत पडलेला. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. कंपनीच्या गाडीत घरचं कुणी बसवायचं नाही हा भिकाचा रिवाज होता. त्याची बायको पारू आजवर त्या गाडीत बसली नव्हती. सरावलीच्या रस्त्याने ती डोक्यावर भारा घेऊन चालत असे आणि हा रिकामी गाडी घेऊन शेजारून जात असे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण त्या दिवशी भिकाने झुंबरला उचललं, मागच्या सीटवर निजवलं आणि थेट घरी आणलं.

पारूने पेज पाजली. काढे दिले. ताप उतरला, पण झुंबर गेला नाही, आणि त्याला कुणी जा म्हटलं नाही. पडवीत त्याचं अंथरूण पडलं ते पडलंच. भिकाची एकुलती एक मुलगी शालू लग्न होऊन कुंभवलीला गेली होती, घर रिकामं वाटत होतं. झुंबर पारूला "वहिनी" म्हणायचा. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, भातलावणीला चिखलात उतरायचा. त्याला भात लावता येत नव्हता, बाजरीच्या मुलखातला. रोपं वाकडी लावायचा आणि पारू हसून हसून बांधावर बसायची.

गाडी चालवायला त्याला भिकाने शिकवलं. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट होते, तिथे. झुंबरने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. लाट आली की तो स्टिअरिंग सोडून पाय वर घ्यायचा.

"अरं, पाय कशाला उचलतोस? तुझ्या अंगावर येतंय काय ते?" भिका ओरडायचा.

"दादा, ते थांबतच न्हाई ना!"

"नाय थांबणार. तू थांबव गाडी."

पुढे त्याला लायसन मिळालं. मग भिका त्याला साफसफाईला, चाक बदलायला, गाडी धुवायला घेऊ लागला. मनात होतं, कधी ना कधी कंपनीची दुसरी गाडी येईल, आणि याचं बस्तान बसेल. झुंबरची बायको रत्नाबाई गावाकडे सासूजवळ होती. पदरात लहान पोर होतं. तिची चिठ्ठी आली की शेडवरच्या कारकुनाकडून वाचून घ्यायचा, आणि मग त्या रात्री जेवण कमी जायचं.

*

झुंबर म्हणाला तसं भिकाने रविवारी गाडी घरी आणून खालून बघितलं. गालिचे काढले. त्याखालचा नमदा, लोकरीचा जाड थर, उचलला, तो नुसता लिबलिबीत झाला होता. तो बाहेर चुलीवर दोरीला बांधून वाळवला. तळाच्या पत्र्याला पाणी निघून जायला भोकं असतात, त्यांत रबराची बुचं असतात. त्यातलं एक खरंच गायब होतं. भिका हरखला. "सापडला चोर!" म्हणून त्याने पारूला हाक मारली. नवं बूच बसवलं, कडेने डांबर लावलं. दारांची रबरं काढून पुन्हा चिकटवली. डिकीचं झाकण घट्ट केलं. सगळीकडे पाणी मारून पाहिलं. झुंबर आतून म्हणाला, "कोरडं हाये, दादा." पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरलं होतं, तेही कोरडं निघालं.

त्या रात्री धो धो पडला. सकाळी भिकाने दार उघडून हात खाली घातला, तर बोटं पाण्यात बुडाली.

तो तसाच वाकून उभा राहिला. लोक हसायला लागले होते. शेडवरची पोरं विचारत, "भिकादादा, आज मासळी किती गावली?" त्याचा त्याला राग येत नव्हता. त्याला लाज वाटत होती. आपल्या हाताखालचं जनावर आजारी आहे आणि आपल्याला त्याचं दुखणं कळत नाही, असं काहीसं. चालवताना कान पुढच्या रस्त्यावर नसायचे, मागच्या पाण्याच्या डुबकण्यावर असायचे.

"म्हातारी झाली गाडी," झुंबर म्हणाला. "आता किती करणार तुम्ही? सोडा, दादा."

"सोडू? मंग मी काय करू?"

झुंबर फडकं घेऊन काच पुसायला लागला.

*

रविवारी गाडी घरी ठेवायची मुभा होती. पुढच्या रविवारी राऊतने झुंबरला कसल्याशा कामाला पालघरला पाठवलं होतं. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं. भिकाने गाडी विहिरीजवळ लावली, गालिचे वाळत टाकले, आणि बराच वेळ नुसता काचेकडे बघत बसला. मग त्याने हाक मारली, "पारू, जरा ये गो."

पारू हात पुसत आली.

"आत बस. मी पानी टाकतो. कुठं थेंब दिसला तर सांग."

"मी?" पारूने मागे सरकून गाडीकडे पाहिलं. "मला काय कलतंय त्यातलं?"

"पानी कलतंय ना? बस."

तिने विहिरीच्या पायरीवर पाय धुतले, पदराने पुसले, आणि लुगडं सावरून ती अशी काही आत शिरली की जणू देवळाच्या गाभाऱ्यात चाललीय. सीटवर टेकली नाही. खाली पत्र्यावरच उकिडवी बसली. भिकाने दार लावलं आणि कळशी घेऊन काचेवर धार धरली. उजवीकडून सुरुवात केली, मध्यावर आला, डावीकडे गेला.

"आलं!" पारू आतून ओरडली.

भिकाला आधी नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"आलं म्हनते! हितं बघा. ह्या कोपऱ्यातून. सुतावानी धार लागलीय."

"खरं सांगतेस?"

"अवो, माझ्या गुडघ्यावर पडतंय!"

भिका दार उघडून आत वाकला. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक धार पत्र्यावरून उतरत होती, डॅशबोर्डच्या मागे शिरत होती, आणि तिथून गालिच्याच्या खालून मागे. म्हणून सगळं पाणी मागे साचत होतं आणि पुढे कुणाला दिसत नव्हतं. हाच कोपरा. याच कोपऱ्यावर त्याने कितीदा नळी धरली होती.

त्याने नखाने रबराची आतली कड उचलली. रबराला बोटभर लांबीची चीर होती. फाटलेली नव्हती, झिजलेली नव्हती. पात्याने कापल्यासारखी, दोन्ही कडा साफ.

"उंदरानं खाल्लं असंल," तो म्हणाला.

पारूने पुढे होऊन पाहिलं. चिरेवरून बोट फिरवलं. "उंदीर एवढं सरल नाय कुरतडत."

चीर आतल्या बाजूने होती. बाहेरून कुणाला ती मारता आली नसती. पारूच्या तोंडावर एक नाव आलं होतं, भिकाला ते दिसलं, आणि ते तिने बोलू नये म्हणून तो घाईने म्हणाला, "त्याला दिसलं नसंल. अंधार असतो आत."

"मला दिसलं की," पारू म्हणाली. मग उठली, आणि चुलीकडे गेली.

*

भिकाने ती चीर तशीच ठेवली. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं असतं तर म्हणाला असता, खात्री करायची आहे. खरं तर त्याला ती खात्री व्हायला नको होती. झुंबरने आत बसावं, आणि "दादा, आलं की!" म्हणून ओरडावं, एवढंच त्याला हवं होतं. मग बाकीचं सगळं तो विसरायला तयार होता.

सोमवारी ऊनच होतं. आवार वाळलं होतं, चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या. दुपारी शेडवरचे लोक भाकरी खायला गेले. झुंबर परीटघडीचा शर्ट घालून आला होता, राऊतबरोबर कुठेतरी जायचं होतं म्हणाला.

"एकदा शेवटचं बघू," भिका म्हणाला. "बस आत."

"आता काय बघायचं राह्यलंय?"

"बस."

झुंबर आत शिरला, डॅशबोर्डखाली वाकला. भिकाने पत्र्यावर कोरडं वर्तमानपत्र अंथरलं, दार लावलं, नळ सोडला. या वेळी त्याने इकडेतिकडे फिरवलं नाही. सरळ डाव्या कोपऱ्यावर धार धरली आणि धरून राहिला.

"आलं का?"

"न्हाई, दादा."

"आता?"

"न्हाई."

धार चालूच होती. भिकाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या. काचेवरून उतरणाऱ्या पाण्यातून झुंबरची पाठ वेडीवाकडी दिसत होती. त्याचा उजवा हात कोपऱ्याशी दाबून धरलेला होता.

"नीट बघ, झुंबर. घाई नाय."

"कोरडं हाये, दादा. आईशपथ."

भिकाने नळ बंद केला. झुंबर बाहेर आला. भिकाने आधी वर्तमानपत्र पाहिलं, ते कोरडं होतं. मग त्याने झुंबरकडे पाहिलं. उजवी बाही खांद्यापर्यंत काळपट झाली होती, कोपरापासून पाणी ठिबकत होतं. वाळल्या मातीवर थेंब पडत होते आणि त्याचा आवाज येत होता.

"लई उकडतं आत," झुंबर म्हणाला. "घामानं नुसता..."

"शर्ट काढ."

"आं?"

"शर्ट काढ आणि पीळ."

झुंबर हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याने सावकाश गुंड्या सोडल्या, शर्ट काढला आणि दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. भिकाने तो त्याच्या हातातून घेतला. बाही पिळली. पाण्याची धार दोघांच्या मध्ये जमिनीवर पडली.

जांभळावर कावळा ओरडत होता.

"किती दिस?" भिकाने विचारलं.

"दादा..."

"किती दिस तू पानी अंगावर घेत होतास?"

झुंबर खाली बसला. उघड्या अंगाने, गुडघ्यांत मान घालून. "राऊतसाहेब म्हनले," तो हळू म्हणाला, "नवी जीप यायचीये. पन मालक म्हनतेत, जुनी गाडी चांगली हाये, भिका चांगला हाये, कशाला पाहिजे जीप? गाडी बाद ठरली तरच जीप येनार. तुम्हाला काढा म्हनून मालक काढनार न्हाई. जीपवर मला घेतो म्हनले. कंपनीच्या लायनीत खोलीबी देतो. दादा, रत्ना दोन वरसं झाली तिकडं हाये. पोरगं मला वळखत न्हाई."

"मला सांगायचास."

"काय सांगायचं?"

"हेच. जीप पायजे म्हनून. खोली पायजे म्हनून. मी सोता राऊतच्या पाया पडलो असतो तुझ्यासाठी."

झुंबरने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "तुमचं हितं घर हाये, दादा. भात हाये. तुम्ही कुठंबी ऱ्हाताल. माझं काय हाये?"

भिकाने ओला शर्ट गाडीच्या बॉनेटवर पसरला. का पसरला ते त्यालाही सांगता आलं नसतं. वाळेल म्हणून असेल.

"वहिनीस्नी नका सांगू," झुंबर म्हणाला.

"तिनंच बघितलं," भिका म्हणाला, आणि नळी गुंडाळायला लागला.

*

झुंबर त्या रात्री जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी भिका तारापूरला गेला असताना येऊन अंथरूण घेऊन गेला. पारू शेतावर होती. तिला पडवीचा केर काढलेला दिसला, तेव्हा कळलं.

भिकाने चीर दुरुस्त केली. रबराची ती कड पेट्रोलच्या बोळ्याने पुसली, वाळवली, सोल्यूशन लावून सायकलच्या ट्यूबची पट्टी आतून दाबून बसवली. वरून काचेच्या कडेला काळी लांबी भरली आणि रात्रभर फडक्याने झाकून ठेवलं. मग रविवारी घरी पारूला पुन्हा आत बसवलं आणि विहिरीचं पाणी कळशीमागून कळशी ओतलं.

"आलं का?"

"नाय."

"आता?"

"नाय. टिपूस नाय."

भिकाने कळशी खाली ठेवली, दार उघडलं, आणि पारूला बाजूला करून आपला हात कोपऱ्याशी नेला. चाचपून पाहिला. मग तिच्या लुगड्याच्या काठाला हात लावून पाहिला, ओला आहे का.

पारू बघत होती.

"माज्यावर पन इश्वास नाय?" तिने विचारलं.

भिकाने हात मागे घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्या शब्दावर त्याने कधी हात फिरवून पाहिला नव्हता. पारू गाडीतून उतरली, कळशी उचलली, आणि उरलेलं पाणी अळूच्या मुळाशी ओतून घरात गेली.

*

मालक मुंबईहून आले तेव्हा पाऊस असा लागला होता की स्टेशनच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. राऊत छत्री घेऊन पुढे धावला. भिकाने मागचं दार उघडून धरलं. मालक बसले, राऊत पुढे बसला. तारापूरपर्यंत काचेवर पाण्याचे लोटच्या लोट येत राहिले. रस्त्यावर एका ठिकाणी चाकं अर्धी बुडाली. आत एक थेंब आला नाही.

मालकांनी वाकून गालिच्याला हात लावला. "राऊत, तुम्ही तर लिहिलं होतं, गाडीत बसवत नाही म्हणून."

राऊत टेबल नसल्यामुळे काचेकडे बघायला लागला. "नाही, म्हणजे, होतं तसं. केलंय काहीतरी यानं."

"काय झालं होतं रे भिका?"

भिकाने गिअर बदलला. त्याने या प्रश्नाची वाट पाहिली होती. रात्री पडल्या पडल्या उत्तरं तयार केली होती, त्यात झुंबरचं नाव होतं, शर्ट होता, सगळं होतं. पण सकाळी शेडवर बातमी होती की झुंबरने बायको-पोराला यायला चिठ्ठी धाडली आहे.

"काचेचं रबर आतून कापलं व्हतं, मालक," तो म्हणाला.

"कापलं होतं? कोणी?"

"ते राऊतसायबांना ठावं."

राऊतची मान ताठ झाली. भिकाने आरशातून मागे पाहिलं. मालक त्याच्याकडे बघत होते. ते दोघांकडे आळीपाळीने बघत होते, आणि त्यांना सगळं कळलं होतं, असं भिकाला वाटलं. आता ते काहीतरी बोलतील.

"बरं, बरं," मालक म्हणाले. आणि बाहेर पाण्याने भरलेल्या शेतांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने राऊतला म्हणाले, "ती जीप कधी मिळते म्हणालात?"

ॲम्बॅसेडर पालघरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. पोचवायला भिकाच गेला. येताना एस.टी.ने आला. राऊतने त्याला ट्रकवर घेतो म्हणून निरोप पाठवला. भिकाने नाही म्हणून सांगितलं. पावसाळा संपला की गवताच्या ट्रकवर जाईन म्हणाला, पूर्वी चालवत होता तसा. तोवर शेत होतंच.

*

रत्नाबाई आली ती एका संध्याकाळी. भिका ओट्यावर दोर वळत बसला होता. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. जीप पुढेच थांबली, घरापर्यंत आली नाही. मग अंगणातून एक काळीसावळी, उंच बाई आली. कडेवर मूल, हातात गाठोडं. डोक्यावरचा पदर पावसाने भिजलेला.

"वहिनी?" तिने दारातून विचारलं. "मी रत्ना. नगरची."

पारू बाहेर आली. रत्नाबाई वाकून तिच्या पाया पडली, मग भिकाच्या पाया पडली. मुलाचं डोकंही त्याच्या पायाला टेकवलं. मूल रडायला लागलं.

"यांनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तापात पडले व्हते तव्हा तुम्ही उचलून आणलं. गाडी शिकवली. मी म्हनलं, आधी दादांच्या घरी नेऊन आणा, मग खोलीचं कुलूप उघडा. पन हे म्हनतेत, तू जा, मला जीप सोडून येता येत न्हाई." तिने ओशाळून मागे रस्त्याकडे पाहिलं. "असं कसं वो? माणसापरीस जीप मोठी का?"

पारूने भिकाकडे पाहिलं. भिका दोराकडे बघत होता.

"नवी गाडी हाय," तो म्हणाला. "रस्त्यावर ठेवून येववत नाय. बरोबर हाय त्याचं."

"हे चांगली चालवतेत ना, दादा? मला लई भ्या वाटतं."

"चांगली चालवतो," भिका म्हणाला. "घाबरू नको."

पारूने हळदकुंकू लावलं. मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. रत्नाबाईने गाठोडं सोडलं. नगरच्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, माती झटकलेल्या, नीट वाळवलेल्या. "आमच्याकडचं दुसरं काय आणणार?" ती म्हणाली. पारूने सूप आणून त्यात त्या ओतून घेतल्या. पोर घेऊन रत्नाबाई पावसातून परत गेली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो लांब गेला.

पारू सूप हातात घेऊन उभी राहिली. "भाजू का?" तिने विचारलं. आणि मग, "का ऱ्हाऊ देत?"

"भाज," भिका म्हणाला. "तिनं काय केलंय?"

पारूने चुलीवर शेंगा भाजल्या आणि परातीत घालून त्याच्यापुढे ठेवल्या. खमंग वास घरभर झाला. ती त्याच्यासमोर बसली. भिकाने एक शेंग उचलली, चिमटीत दाबून फोडली, दाणे काढले आणि परातीच्या कडेला ठेवले. मग दुसरी फोडली. मग तिसरी. टरफलं एका बाजूला पडत होती, दाणे दुसऱ्या बाजूला. दाण्यांचा ढीग वाढत चालला होता. त्यातला एकही त्याने तोंडात टाकला नव्हता.

पारू पुढे सरकली. तीही शेंगा फोडायला लागली, आणि आपले दाणे त्याच्या ढिगात टाकू लागली.